किनारा दिसतो, पण फोन लागत नाही : शिडाच्या नौकेवरील मोबाइल रेंज

किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर दूर गेलेल्या शिडाच्या नौकेवर एक प्रकार हमखास घडतो. फोनच्या पडद्यावर रेंजच्या दोन काड्या दिसत असतात, मधूनच एखादा जुना संदेश येऊन पडतो, क्षितिजावर किनाऱ्याची रेघही स्पष्ट असते, आणि तरीही कॉल लावला की तो लागत नाही किंवा लागून लगेच तुटतो. अशा वेळी कोणी फोनला दोष देतो, कोणी मोबाइल कंपनीला, आणि बंदरात परतल्यावर बूस्टर, म्हणजे लहर मोठी करणारे यंत्र, विकत घेतला जातो. बूस्टर ही वाईट वस्तू नाही; पण उपायांच्या क्रमात तो शेवटी यायला हवा आणि प्रत्यक्षात तो सर्वांत आधी येतो, म्हणून बराच पैसा खर्च होऊनही रेंज होती तेवढीच राहते. हा क्रम सुधारण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यामध्ये, पाण्यावरून, नेमके काय घडते ते आधी पाहायला हवे.

रेंजच्या काड्या एकच गोष्ट सांगतात : टॉवरचा आवाज फोनला किती मोठ्याने ऐकू येतो आहे. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो की नाही, याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. टॉवरवरील यंत्रणा दहा-दहा वॉटच्या पटीत शक्ती वापरते, तर ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट इतक्याच शक्तीने बोलू शकतो. टॉवरवरचे अँटेना मोठे आणि तेथील ग्राहकयंत्रे अधिक संवेदनशील असल्यामुळे ही तफावत बरीचशी भरून निघते, परंतु अंतर वाढत गेले की आधी तुटते ती फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट. म्हणून नौकेवरच्या कोणत्याही उपायाला विचारायचा पहिला प्रश्न हा, की त्यामुळे आपला आवाज टॉवरपर्यंत अधिक चांगला पोहोचेल काय. निव्वळ काड्या वाढवणारा उपाय हा उपाय नव्हे.

उंचीचे गणित

मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे काही अंतरानंतर समुद्राचा पृष्ठभागच नौका आणि टॉवर यांच्या आड येतो. वातावरणामुळे या लहरी किंचित खाली वाकतात आणि डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाच्या थोड्या पलीकडेही पोहोचतात. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे : अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे त्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. टॉवरचे आणि नौकेचे असे दोन आकडे काढून त्यांची बेरीज केली, की त्या दोघांची एकमेकांशी थेट नजर कुठपर्यंत राहील ते कळते.

समजा, टॉवरचा अँटेना समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवर आहे. त्याचे क्षितिज सुमारे २९ किलोमीटर येते. नौकेच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील फोन पाण्यापासून २ मीटर उंचीवर धरला, तर त्याचे क्षितिज जेमतेम ६ किलोमीटर आहे. बेरीज ३५ किलोमीटर. आता तोच फोन, किंवा त्याला जोडलेला अँटेना, १६ मीटर उंच डोलकाठीच्या माथ्यावर नेला, तर नौकेचा वाटा ६ वरून साडेसोळा किलोमीटरवर जातो आणि एकूण अंतर ४५ किलोमीटरच्या थोडे पुढे सरकते. टॉवर २०० मीटर उंच कड्यावर असेल तर त्याचे एकट्याचेच क्षितिज ५८ किलोमीटर होते. म्हणूनच सपाट किनाऱ्याजवळ रेंज लवकर जाते आणि डोंगराळ किनाऱ्यासमोर ती अनपेक्षित दूरवर टिकते. पुढच्या मुक्कामी रेंज मिळेल काय, याचा अंदाज बांधताना नकाशावर किनाऱ्यामागच्या डोंगरांची उंची पाहणे म्हणूनच उपयोगाचे असते.

उंचीचा फायदा केवळ क्षितिज लांबवण्यापुरता नाही, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची, तरीही सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. टॉवरकडून येणारी लहर नौकेपर्यंत दोन वाटांनी येते : एक थेट हवेतून आणि दुसरी पाण्यावर आपटून परावर्तित होऊन. अगदी उथळ कोनातून येणाऱ्या लहरीसाठी समुद्र हा जवळजवळ आरसाच असतो, मात्र या परावर्तनात लहर उलटी होते. म्हणजे थेट लहरीचा जिथे उंचवटा, तिथे परावर्तित लहरीचा खोलगट भाग येतो. अँटेना पाण्याच्या जवळ असेल तर दोन्ही वाटांची लांबी जवळपास सारखी असते आणि या दोन लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. अँटेना वर नेला, की दोन वाटांच्या लांबीत फरक पडू लागतो आणि पुसून टाकण्याचे प्रमाण कमी होते. मोकळ्या समुद्रावर, टॉवरपासून बरेच दूर असताना पण क्षितिजाच्या आत, साधारण हिशेब असा, की अँटेनाची उंची दुप्पट केली म्हणजे मिळणारी शक्ती चौपट होते.

रेडिओच्या व्यवहारात अशी पटीची भाषा डेसिबलमध्ये बोलली जाते. शक्ती दुप्पट झाली म्हणजे ३ डेसिबलची वाढ, चौपट झाली म्हणजे ६ डेसिबल, दहापट झाली म्हणजे १०. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा सगळा हिशेब नुसत्या बेरीज-वजाबाकीचा होतो. दोन मीटरवरून चार, चारावरून आठ आणि आठावरून सोळा मीटर अशा तीन दुपटी झाल्या, म्हणजे डेकवरून डोलकाठीच्या माथ्यावर जाण्याचा लाभ सुमारे १८ डेसिबल. हा लाभ येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही लहरींना सारखाच मिळतो आणि त्यासाठी विजेचा एक थेंबही खर्च होत नाही. सर्व दिशांना सारखा चालणारा, नौकेवर मावणारा कोणताही अँटेना स्वतःच्या बळावर एवढा लाभ देऊ शकत नाही.

अंतराची आणखी एक मर्यादा उंचीने सुटत नाही. टॉवर प्रत्येक फोनला बोलण्यासाठी सेकंदाच्या अतिशय लहान भागाची वेळ नेमून देतो, आणि लहरीला जायला-यायला लागणारा वेळ त्या नेमणुकीत मावायला लागतो. जुन्या २जी जाळ्यात यामुळे सर्वसाधारण टॉवरचा पल्ला ३५ किलोमीटरवर थांबतो, मग लहर कितीही ठणठणीत येवो. ४जीमध्ये ही मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत नेता येते, पण ती प्रत्येक टॉवरच्या मांडणीवर अवलंबून असते. जमिनीवरच्या वस्तीसाठी मांडलेल्या अनेक टॉवरांची मर्यादा १५ किलोमीटरच्याही आत असते. त्यातच कंपन्या टॉवरवरचे अँटेना मुद्दाम थोडे खाली झुकवतात, कारण त्यांना वस्तीत सेवा द्यायची असते, समुद्राला नव्हे. उन्हाळ्यात कधी पाण्यावर थंड हवेचा थर आणि त्यावर गरम हवा अशी स्थिती तयार होते आणि लहरी त्या थरात अडकून नळीतून जाव्यात तशा शंभर किलोमीटरच्याही पलीकडे जातात. अशा दिवशी भर समुद्रात फोनवर भरपूर काड्या दिसतात आणि कॉल मात्र एकही लागत नाही, त्याचे कारण हीच वेळेची मर्यादा असू शकते.

आधी फुकटचे उपाय

नौकेच्या खोलीतून बाहेर डेकवर येणे हा पहिला उपाय आहे. फायबरग्लासच्या भिंतीतून लहरी बऱ्यापैकी आत येतात, पण खोलीचा मोठा भाग पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा त्याखाली असतो आणि खाऱ्या पाण्यातून या लहरी मुळीच जात नाहीत. पोलाद, ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबरची नौका असेल तर तिची खोली म्हणजे जवळजवळ बंद धातूचा डबाच असतो, आणि अशा खोलीतून बोलायला बाहेरच्या अँटेनाखेरीज मार्ग नाही.

फोन एखाद्या क्षीण लहरीला चिकटून बसला असेल तर फ्लाइट मोड काही सेकंद चालू करून बंद करावा. त्यामुळे तो नव्याने टॉवर शोधतो. बोलणे जमत नसेल तर साधा एसएमएस पाठवून पाहावा, कारण त्याला क्षणभराचीच जोडणी पुरते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम बाळगणे हा तर माझ्या दृष्टीने बहुतेक उपकरणांपेक्षा फलदायी उपाय आहे, कारण एका कंपनीचा टॉवर टेकडीआड असतो तेव्हा दुसरीचा समोरच्या भूशिरावर असू शकतो, आणि भूशिरावरचा टॉवर शोधून काढण्याचे काम कोणताही अँटेना करू शकत नाही. रेंज नाहीच अशा टापूत फोनचे मोबाइल जाळे बंद ठेवावे. टॉवर शोधत राहणारा आणि पूर्ण शक्तीने ओरडणारा फोन बॅटरी झपाट्याने संपवतो.

उंचीचा लाभ फुकटात अजमावण्याचीही एक रीत आहे. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करून तो जलरोधक पिशवीत बंद करावा आणि शीड चढवण्याच्या मोकळ्या दोराने वर चढवावा. खाली उरलेले फोन त्याच्या वायफायला जोडले, की इंटरनेट तर मिळतेच, शिवाय इंटरनेटवरून जाणारे कॉल आणि, कंपनी देत असेल तर, वायफाय कॉलिंगही चालते. यात पिशवीला खालून दुसरी दोरी बांधलेली असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण हलकी पिशवी आपल्या वजनाने खाली येत नाही आणि वर अडकली तर फोनसाठी डोलकाठीवर चढण्याची वेळ येते. ही खालची दोरी ताणून बांधली म्हणजे पिशवी डोलकाठीवर आपटतही नाही. भर उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून हा प्रयोग सकाळी किंवा संध्याकाळी, नांगर टाकलेला असताना करावा. कायमची व्यवस्था म्हणून ही पद्धत गैरसोयीची आहे. पण पैसे खर्च करण्याआधी आपल्या नौकेवर उंचीने किती फरक पडतो हे पाहण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

केबल जे देते त्याहून अधिक काढून घेऊ शकते

वर अँटेना आणि खाली खोलीत राउटर, म्हणजे सिम घालून मोबाइलचे इंटरनेट वायफायने पुरवणारे यंत्र, अशी मांडणी सर्वांना सहज सुचते. तिचा कच्चा दुवा म्हणजे मधली केबल. लहरी तांब्याच्या केबलमधून जाताना प्रत्येक मीटरला थोडी शक्ती गमावतात, आणि वारंवारता जितकी जास्त तितके हे नुकसान अधिक. डोलकाठीच्या माथ्यापासून खोलीतल्या राउटरपर्यंत सहज २० मीटर केबल लागते. व्हीएचएफ, म्हणजे नौकांच्या आपसातील बोलण्याच्या, रेडिओसाठी वापरली जाणारी आरजी-५८ ही बोटभरही जाड नसलेली केबल मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला एवढ्या लांबीत ९ ते १० डेसिबल खाते आणि १८०० मेगाहर्ट्झला सुमारे १४. म्हणजे पहिल्या वेळी जवळजवळ नऊ-दशांश शक्ती वाटेतच उष्णता होऊन संपते आणि दुसऱ्या वेळी पंचवीसातला एखादाच भाग पलीकडे पोहोचतो. उंचीने दिलेल्या १८ डेसिबलपैकी हाती उरतात अनुक्रमे ८ किंवा ४.

एलएमआर-४०० सारखी सुमारे १० मिलीमीटर जाडीची केबल घेतली तर हेच नुकसान २० मीटरला अनुक्रमे अडीच आणि पावणेचार डेसिबलच्या आसपास येते. ही केबल ताठ असते, डोलकाठीच्या आतून खेचून नेणे कष्टाचे असते आणि २० मीटरचे वजन सुमारे दोन किलो भरते. डोलकाठीत, तेही उंचावर, वजन वाढवायला शिडाच्या नौकेचा कोणताही मालक नाखूश असतो आणि त्याचे ते योग्यच आहे. इतके करायचे नसेल, तर पिछाडीला पाण्यापासून चार-पाच मीटर उंचीचा खांब उभारून त्यावर अँटेना लावावा आणि पाच-सहा मीटर केबलने तो राउटरला जोडावा. चार मीटर उंचीचा लाभ डेकवरच्या फोनपेक्षा ६ डेसिबलचा, आणि पाच मीटर पातळ केबलचे नुकसान ९०० मेगाहर्ट्झला अडीच डेसिबलच्या आत. आकडा माथ्यापेक्षा लहान आहे, पण बसवायला सोपे, दुरुस्तीला हाताशी, आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या नौकेला पुरेसे.

या सगळ्या अडचणीतून बाहेर काढणारी मांडणी म्हणजे राउटरच वर नेणे. मोबाइल राउटर आणि अँटेना एकाच जलरोधक घुमटात किंवा डब्यात असतात, आणि खाली येते ती फक्त इथरनेट केबल. तिच्यातून माहिती आकड्यांच्या रूपात येते, १०० मीटरपर्यंत तिची गुणवत्ता घटत नाही, आणि त्याच केबलमधून वरच्या राउटरला वीजही पुरवता येते. अँटेना आणि रेडिओ यांच्यामधले अंतर काही सेंटिमीटर उरल्यामुळे उंचीने दिलेला लाभ जवळजवळ पूर्ण हाती येतो. ही मांडणी मला सर्वांत पटते, तरी तिच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही : सिम बदलण्यासाठीही वर चढावे लागते, उन्हात डबा तापतो, आणि हलक्या प्रतीचे विद्युत-रूपांतरक किंवा बिनकवचाची इथरनेट केबल वापरली तर त्यांच्या गोंगाटाने शेजारच्या व्हीएचएफ रेडिओचे ऐकणे बिघडते. म्हणून केबल कवचाची असावी. सिमपर्यंत पोहोचणे सोपे हवे असेल तर पूर्ण माथ्याऐवजी डोलकाठीच्या मध्यावरील आडव्या दांड्यांवर, म्हणजे स्प्रेडरवर, डबा बसवणे हा मधला मार्ग आहे. आठ मीटर उंचीलाही डेकपेक्षा १२ डेसिबलचा लाभ असतोच, आणि तिथे चढणे माथ्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते. विजेचा खर्च मात्र मोजून ठेवावा. आठ वॉटचा राउटर दिवसरात्र चालला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २४ तासांत १६ ॲम्पिअर-तास काढतो.

मोठ्या आकड्याचा अँटेना आणि कलणारी नौका

अँटेनाच्या खोक्यावर ३, ६, ९ असे लाभाचे आकडे छापलेले असतात आणि मोठा आकडा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही. तो असलेली शक्ती वरून आणि खालून काढून क्षितिजाच्या दिशेने दाबतो, जसा कणकेचा गोळा लाटला की तो पसरतो पण पातळ होतो. ३ च्या अँटेनाची उभी रुंदी ६० अंशांच्या आसपास असते, ९ च्या अँटेनाची १५ अंशांच्या आसपास. जमिनीवरच्या घराला पंधरा अंश पुरतात, कारण घर कलत नाही. वाऱ्यावर चालणारी नौका २० अंश सहज कलते. मग ९ च्या अँटेनाची पातळ चकती एका बाजूला पाण्यात शिरते, दुसऱ्या बाजूला आकाशात जाते, आणि नेमका कलण्याच्या दिशेला किनारा असेल तर रेंज जाते. सरळ केल्यावर येणारी आणि कलल्यावर जाणारी रेंज अशा अँटेनाची खूण समजावी. शिडाच्या नौकेसाठी ३ ते ६ या टप्प्यातला, सर्व दिशांना सारखा चालणारा अँटेना योग्य. एका दिशेला रोखलेला अँटेना धक्क्याला बांधलेल्या नौकेवर उत्तम काम देतो, परंतु नांगरावरची नौका वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर सतत फिरत राहते, त्यामुळे तिथे तो टिकत नाही.

खरेदी करताना आणखी दोन बाबी तपासाव्यात. मोटारीच्या टपासाठी बनवलेले अनेक अँटेना खालच्या धातूच्या पत्र्याला आपल्या रचनेचा अर्धा भाग मानतात. फायबरग्लासच्या नौकेवर तो पत्रा नसतो, म्हणून अशा पत्र्याची गरज नसलेला अँटेना मागून घ्यावा. दुसरी बाब वारंवारतेची. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातील लहरी लांब पल्ल्याला आणि क्षितिजाच्या कडेवरून वाकून जाण्याला अधिक चांगल्या; २६०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेगवान इंटरनेट देतात, पण पाण्यावर दूर पोहोचत नाहीत. काही अँटेना वरच्या पट्ट्यांसाठीच घडवलेले असतात, ते नौकेला उपयोगाचे नाहीत. राउटरमध्ये पट्टा ठरवून देण्याची सोय असल्यास, दूर गेल्यावर त्याला खालच्या पट्ट्यावर बांधून ठेवावे. नाहीतर तो सतत दोन्हींमध्ये उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीत जोडणी तुटते.

४जी राउटरला दोन अँटेना का असतात, हा प्रश्न इथे येतो. दोन अँटेनांवरून एकाच वेळी माहितीचे दोन वेगळे प्रवाह घेता येतात आणि वेग वाढतो. किनाऱ्याजवळ, जिथे लहर भक्कम आहे, तिथे दुसऱ्या अँटेनाचा फरक स्पष्ट जाणवतो. कडेच्या अंतरावर मात्र दोन प्रवाह चालण्याइतकी लहर स्वच्छ नसते, तिथे उंचावरचा एकच चांगला अँटेना खाली ठेवलेल्या दोनांपेक्षा सरस ठरतो.

बूस्टरबद्दल

बूस्टर बाहेरच्या अँटेनाकडून आलेली लहर मोठी करून खोलीतल्या लहान अँटेनातून पुन्हा सोडतो आणि फोनची लहर मोठी करून बाहेर पाठवतो. जाणारी लहर खरोखर अधिक शक्तीने पाठवण्याची क्षमता त्याच्यात आहे, आणि सुरुवातीला सांगितलेली कमकुवत वाट तीच असल्यामुळे बूस्टरचे हे मोल नाकारता येत नाही. येणाऱ्या लहरीबाबत मात्र एक नियम कठोर आहे : लहर केबलमध्ये क्षीण होऊन गोंगाटात बुडाली, की त्यानंतर ती कितीही मोठी केली तरी गोंगाटही तेवढाच मोठा होतो. पातळ केबलच्या खालच्या टोकाला बसवलेला बूस्टर काड्या पूर्ण दाखवतो आणि संभाषण सुधारत नाही, ते यामुळे.

दुसरी अडचण शिट्टीची. ध्वनिक्षेपकासमोर माइक धरला की जशी कर्कश शिट्टी उठते, तसेच बूस्टरच्या आतल्या अँटेनाची लहर बाहेरच्या अँटेनात शिरली तर होते. हे टाळायला दोन अँटेनांमधला अडसर बूस्टरच्या वाढीपेक्षा जास्त असावा लागतो. घराच्या जाड भिंती हे काम करतात. फायबरग्लासचे डेक करत नाही, आणि नौका लहान असल्यामुळे अंतरही मिळत नाही. मग बूस्टर स्वतःची वाढ घटवतो, आणि खोलीतला फोन आतल्या अँटेनापासून हातभर अंतरावर ठेवला तरच काम होते. बाहेरचा अँटेना माथ्यावर आणि आतला खोलीत असेल तर हा त्रास बराच कमी होतो, म्हणजे पुन्हा उंचीच उपयोगी पडते. बिघडलेला बूस्टर शिट्टी मारत टॉवरच्या कानावर गोंगाट ओततो आणि किनाऱ्यावरच्या इतर माणसांचे फोन बंद पाडतो, म्हणून अनेक देशांत परवानगीशिवाय तो लावणे गुन्हा आहे. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या नियमांनुसार बूस्टरने अशी शिट्टी ओळखून आपोआप थांबणे आणि वापरणाऱ्याने मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करणे बंधनकारक झाले. एका देशातून दुसऱ्या देशाच्या पाण्यात जाणाऱ्या नौकेने तिथला नियम आधी पाहावा. ज्यांना इंटरनेट आणि इंटरनेटवरचे कॉल एवढेच हवे आहेत, त्यांच्यासाठी वर बसवलेला राउटर या सगळ्या भानगडीतून मुक्त आहे, कारण तो कायद्याच्या दृष्टीने एक साधा फोनच असतो.

बसवणे, मोजणे आणि माथ्यावरची जागा

समुद्रावर अँटेना मरतो तो बहुधा जोडाशी. खारी हवा जोडात शिरली की तांब्यावर हिरवी पूड धरते आणि काही महिन्यांत केबलचा निकाल लागतो. प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, तिच्यावर ऊन सोसणारी दुसरी पट्टी घालावी, आणि जोडाखाली केबलला एक लोंबता वळसा ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळातून गळून पडते, जोडात जात नाही. केबलचे वजन जोडावर येऊ देऊ नये. वरच्या टोकाला ती स्वतंत्रपणे बांधून घ्यावी. तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली, नौकांसाठी बनवलेली केबल जास्त टिकते.

खर्चाआधी आणि खर्चानंतर मोजमाप करावे, तेही काड्यांनी नव्हे. फोन आणि राउटर लहरीची शक्ती उणे आकड्यांत दाखवू शकतात : अँड्रॉइडवर त्यासाठी अनेक ॲप आहेत, आणि आयफोनवर स्टार ३००१ हॅश १२३४५ हॅश स्टार हा क्रमांक डायल केला की तपासणीचा पडदा उघडतो. त्यातील आरएसआरपी नावाचा आकडा ४जीसाठी पाहावा. उणे ८० च्या आसपास लहर भक्कम, उणे १०० ला कामापुरती, उणे ११० ला अडखळणारी, आणि उणे १२० ला जवळजवळ संपलेली. एकाच जागी नांगर टाकून, एकाच सिमने आणि एकाच पट्ट्यावर, खोलीत, डेकवर आणि वर चढवलेल्या फोनवर हे आकडे नोंदवले, की कोणत्या पायरीवर किती डेसिबल मिळाले ते समोर दिसते. समुद्रावर थेट आणि परावर्तित अशा दोन लहरींच्या खेळामुळे भरती-ओहोटीबरोबर हा आकडा थोडा बदलत राहतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा मोजून मगच निष्कर्ष काढावा.

डोलकाठीच्या माथ्यावर आधीच गर्दी असते : वाऱ्याचे मापक, नांगर-दिवा आणि व्हीएचएफचा अँटेना. मोबाइलचा अँटेना व्हीएचएफपासून निदान एक मीटर दूर असावा, कारण व्हीएचएफ २५ वॉटने बोलू लागला की अगदी जवळच्या नाजूक ग्राहकयंत्राला काही ऐकू येत नाही. एवढे अंतर माथ्यावर मिळत नसेल तर कोणाला खाली यावे लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संकटात केलेला मोबाइल कॉल एकाच माणसापर्यंत पोहोचतो, तोही टॉवर आवाक्यात असला तर. व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरची हाक किनारी केंद्राबरोबर आसपासच्या प्रत्येक नौकेला एकाच वेळी ऐकू येते, आणि दोन नौकांच्या माथ्यांमधल्या त्या बोलण्याला टॉवरची गरजच नसते. अशा वेळी मोबाइलचा राउटर स्प्रेडरवर उतरवावा आणि माथा व्हीएचएफकडेच राहू द्यावा.